अंगठ्याला बांधलेला गळ

हसताय काय, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी मासा धरलाय! जोयड्यात काळी नदीच्या काठी खोली घेऊन लॅपटॉपवर काम करत होतो, तेव्हाची गोष्ट. रेंज मिळायची फक्त पाण्याजवळच्या एका खडकावर. घरमालक परसूकाका म्हणाले, "नुसता काय बसतोस? गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांध. हात कामाला मोकळे ऱ्हातात."

बांधली. ऑनलाइन मीटिंगमध्ये आमच्या बॉस मॅडम महिन्याचे आकडे विचारत होत्या आणि अंगठ्याला असा हिसका बसला, की मी ओरडलोच.

"काय झालं?"

"मॅडम, मासा लागलाय." दोन्ही हातांनी दोरी ओढत होतो, कॅमेरा चालूच.

म्हटलं, गेली नोकरी.

"अरे, असा ओढतोस काय? दोरी ढिली सोड!" मॅडम कडाडल्या. "दमू दे त्याला. हां, आता घे!"

हातभर शिंगाळा खडकावर आला. तिकडं टाळ्याच टाळ्या!

"आकडे उद्या बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे कर."

माझ्या मागं उभे असलेले परसूकाका स्क्रीनकडं बघतच राहिले. "एवढी जाणती बाई हाय व्हय तुमच्यात? आन् तिला आकडे मोजायला बसवलंय?"