नवव्या गाण्यातली हाक

(काव्याचा घसा बसला आहे. तिची सगळी वाक्यं पाटीवर लिहिलेली.)

अजिंक्य : अज्जा, जरा हळू बोला की. माईक चालू आहे.

गुरुबसप्पा : हळूच बोलतोय की रे!

अजिंक्य : मीटर लाल झाला. गिटारच्या वर गेलात तुम्ही.

गुरुबसप्पा : ह्या शेडमधी पस्तीस वर्षं बारा माग चालवलेत मी. हळू बोलून कोण ऐकणार हितं? ते ऱ्हाऊ दे. माझ्या चाळीस चादरी भिंतीला का टांगल्यात? भिंतीला थंडी वाजतीय व्हय?

अजिंक्य : आवाज घुमू नये म्हणून.

काव्या : अज्जा, परत ओरड.

गुरुबसप्पा : चष्मा न्हाय आणला. मोठं लिही.

काव्या : ओरड!

गुरुबसप्पा : का म्हून?

अजिंक्य : आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम आहे, अज्जा. नऊ गाणी. आठ झाली. प्रत्येक गाण्यात तुमची नात किंचाळली, आणि नवव्याला घसाच गेला. डॉक्टरनं पंधरा दिवस मौन सांगितलंय. आणि शेड तर तुम्ही विकलीत. परवा रिकामी करायची.

गुरुबसप्पा : मग तू किंचाळ.

अजिंक्य : मी किंचाळलो की कुत्र्यावर पाय पडल्यासारखं वाटतं.

काव्या : खरंच वाटतं.

गुरुबसप्पा : बरं, म्हणायचं काय?

अजिंक्य : "मी राख, मी भिंत, मी कुणीच नाही."

गुरुबसप्पा : हे कुणाला सांगायचं?

अजिंक्य : म्हणजे... सगळ्यांनाच.

गुरुबसप्पा : सगळ्यांना कोण वरडून सांगतं? वरडायला समोर कुणीतरी लांब पायजे. आमी नाव घेऊन वरडायचो.

काव्या : अज्जीला काय म्हणायचास?

गुरुबसप्पा : काय म्हणणार? मी ह्या टोकाला मागावर, ती त्या कोपऱ्यात कांड्या भरत बसलेली. "नागम्मा, चहा झाला का?" बास. हातातली कांडी सुतानं भरल्याबिगर बोलायची न्हाय. मग तितनं "बंदे!" म्हणायची. आले, म्हणून.

अजिंक्य : आणि घरी?

गुरुबसप्पा : घरी बी तसंच. सवय. गल्लीला वाटायचं रोज भांडतात. एकदा तिचा भाऊ करमाळ्याहून समजूत घालायला आला. आमी दोघं म्हटलं, "भांडण न्हाय हो!" तर म्हणतो, "बघा, आता माझ्यावर बी वरडाय लागले!" न जेवता गेला.

अजिंक्य : अज्जा, तेच म्हणा. चहाचं. राख-भिंत राहू दे.

गुरुबसप्पा : न्हाय जमायचं.

अजिंक्य : एकदाच.

गुरुबसप्पा : सात महिने झाले, चहा टपरीवर पितोय. तितं मागावा लागत न्हाय, बसलं की कप ठेवतो. घरात हाक मारली आन् उत्तर आलं न्हाय, तर? अजून मारली न्हाय. म्हणून ती न्हाय, हे अजून ठरलेलं न्हाय.

काव्या : नवव्या गाण्यात मी तिलाच हाक मारणार होते.

गुरुबसप्पा : मोठं लिही.

काव्या : अज्जीला.

गुरुबसप्पा : ...मग ते राख-भिंत कशाला, येडे?

काव्या : सरळ म्हणायची लाज वाटली.

गुरुबसप्पा : आण ते कानाचं. उलटं बसलं व्हय? हां. ...अरे, हा तर आपला तिसरा माग!

अजिंक्य : ड्रम आहेत, अज्जा. मी वाजवलेत.

गुरुबसप्पा : तिसऱ्याचा धोटा असाच अडखळत जायचा. तेल घाल जरा.

अजिंक्य : सहा महिने बसवलंय मी ते!

गुरुबसप्पा : मग सहा महिने तेल घातलं न्हाईस.

अजिंक्य : बरं, घालतो. मी हात खाली केला की म्हणा. तयार? तीन, दोन...

गुरुबसप्पा : नागम्माऽऽऽ! चहा झाला काऽऽऽ!

अजिंक्य : बाप रे! एक चादर खाली आली. अज्जा, एका दमात ओके! बंद करतो.

गुरुबसप्पा : थांब.

अजिंक्य : गाणं संपलं, अज्जा.

गुरुबसप्पा : थांब म्हटलं की.

अजिंक्य : ...नुसतंच रेकॉर्ड होतंय. पुढं काहीच नाही. एवढं कापावं लागेल.

काव्या : कापलंस तर ड्रमर बदलीन.

अजिंक्य : अगं, लोकांना वाटेल फाईल बिघडली! बरं, ठेवतो. पण किती जागा ठेवू, अज्जा?

गुरुबसप्पा : एक कांडी भरंल, एवढी.