वाघजाईच्या माळावरचा उजेड

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं दिलंत तर शेजारचा जागा होईल! माणसाचा मोठेपणा कशात? सगळं ठाऊक असण्यात, की 'मला ठाऊक नाही' असं चारचौघांत म्हणण्यात?

जे न कळे ते न कळे म्हणावे ।
तेथेचि देवाने पुढे यावे ॥

ही ओळ कुणा संताची नाही बरं का! माझीच आहे, वेडीवाकडी. पण त्यातलं शहाणपण मला जिनं शिकवलं, तिला एक अक्षर लिहिता येत नव्हतं. तिचीच गोष्ट सांगतो.

माणदेशात डोंगराच्या पायथ्याला वाघझरी नावाचं गाव. गावाच्या दक्षिणेला, चढावर, वाघजाईचा माळ. त्या माळावर दगडांच्या खोपीत एक म्हातारी एकटी राहायची, तानूबाई. धनगराची लेक, धनगराची सून. नवरा गेला, मुलं पोटासाठी लांब गेली. राहिली ती आणि तिची पंधरा-वीस मेंढरं.

फाल्गुनाचे दिवस. गावात माझा सात दिवसांचा कीर्तन-सप्ताह चाललेला. आणि एका संध्याकाळी, दिवेलागण होऊन गेल्यावर, आभाळात काहीतरी चमकलं! ढग नाही, गडगडाट नाही. चांदणी फुटावी तसा लख्ख उजेड — आणि पुन्हा काळोख! मिनिटभरानं त्याच जागी पुन्हा! पाऊण तास हा खेळ. दुसऱ्या रात्री तसंच. तिसऱ्या रात्री तसंच. आणि गावातून पाहिलं की तो उजेड कुठं दिसायचा? बरोबर तानूबाईच्या खोपीच्या वर!

आता गाव म्हटलं की विद्वानांना तोटा आहे का? कुणी म्हणे, देवीचा कोप. कुणी म्हणे, शेजारच्या देशाचं विमान. एकजण म्हणाला, जमिनीखाली सोनं आहे, त्याची वाफ वर चढते! अहो, सोन्याची वाफ व्हायला लागली तर आमच्या बायकांच्या गळ्यात राहील काय?

हसू नका. पुढचं ऐका. त्याच आठवड्यात गावातली मेंढरं पटापट मरायला लागली. जालिंदर कापसेची चौदा गेली. धडधाकट गडी — पण मेल्या कोकराला मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडला. आणि लोकांनी दोन आणि दोन पाच केले. वर उजेड, खाली मरतूक, मध्ये म्हातारी. कुजबुज सुरू झाली — म्हातारी काहीतरी करणी करते!

अशा वेळी गाव कुणाच्या तोंडाकडं बघतं? बुवाच्या! आणि बुवानं काय केलं? मंडळी, सांगायला जीभ जड होते. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी मी अशाच गादीवर उभा होतो. समोर हजारभर माणूस. रंग चढलेला. आणि मी हात वर करून म्हणालो, "आभाळ बोट दाखवतंय! पाप कुठं आहे ते आभाळ दाखवतंय!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

एवढंच बोललो. नाव घेतलं नाही. पण नाव घ्यायची गरज होती का? दुसऱ्या दिवशी पहाटे तानूबाईच्या खोपीवर दगड पडले. एक तिच्या कपाळावर लागला. आणि सरपंचांचा निरोप गेला — पाडव्याच्या आत माळ सोड.

पाचव्या दिवशी कीर्तन ऐन भरात आलेलं. आणि मंडपाच्या मागून गर्दी दुभंगायला लागली. तानूबाई! कपाळाला लुगड्याची चिंधी बांधलेली, रक्त वाळून काळं पडलेलं. सरळ चालत पुढं आली. टाळकरी थांबले. मृदंग थांबला.

"बुवा," ती म्हणाली, "तुमी तो उजेड सोता बघितलासा?"

मी म्हणालो, "बघितला की. इथूनच, मंडपातून."

"किती येळ?"

"बघितला एकदा… दोनदा."

"मी चाळीस वरसं आभाळ बघत्येय. मेंढरामागं घड्याळ नसतंय, बुवा. चांदण्या बघूनच उठायचं, चांदण्या बघूनच निजायचं. ह्यो उजेड रोज बघत्येय. समद्या चांदण्या मावळतीकडं सरकत्यात. ह्यो सरकत न्हाई. आजबी आत्ताच सुरू झालाय. चला माझ्यासंगं."

सरपंच तडकले. "ए म्हातारे, कीर्तन चालू आहे!"

"कीर्तन देवाचंच न्हवं? मग देवाचं आभाळ बघायला चला की! अर्धा कोस हाय. माझ्या खोपीपाशी उबं ऱ्हावा. उजेड माझ्या खोपीवरच दिसला, तर आज रातीलाच माळ सोडते. माझ्या पायानं."

मंडळी, तुम्ही असतात तर काय केलं असतंत? 'नाही' म्हणावं तर भित्रा ठरतो, 'हो' म्हणावं तर खोटा ठरण्याची भीती! शेवटी वीणा खाली ठेवली आणि निघालो. माझ्यामागं सरपंच, शाळेतले भोईटे गुरुजी, जालिंदर, आणि पन्नास-साठ माणसं. म्हातारी पुढं. आम्ही धापा टाकतोय आणि ती म्हणते, "बिगी बिगी चला, पाऊण तासच असतंय त्ये!"

वर पोचलो. खोपीच्या दाराशी उभे राहिलो. सगळ्यांच्या माना वर. डोक्यावर — काही नाही! नुसत्या चांदण्या!

आणि मग दक्षिणेला, पलीकडच्या डोंगराच्या वर, उंच आभाळात — लख्ख! पुन्हा — लख्ख! गावातून जेवढा लांब दिसत होता, इथूनही तेवढाच लांब! अर्धा कोस चाललो, पण तो उजेड हातभरसुद्धा जवळ आला नव्हता!

तानूबाईच बोलली. "आता त्या डोंगरावर कोण म्हातारी हाय का बघा. असली तर तिलाबी दगड मारून या."

त्या काळोखात जालिंदर पुढं झाला. एवढा मोठा गडी, तिच्या पायाशी मटकन बसला. "आज्जे, कपाळावरचा दगड माझा हुता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुझा नेम ल्हानपणापासनं चांगला हाय. ऊठ. उद्या जनावरांच्या डॉक्टरला आण. मेंढरास्नी रोग हाय, माझीबी दोन गेल्यात. सांगणार कुणाला? माझ्याकडं कोण येतंय?"

डॉक्टर आला. टोचणी झाली. मरतूक थांबली.

आणि उजेड? भोईटे गुरुजींनी साताऱ्याच्या एका कॉलेजातल्या बाईंना बोलावलं. त्या आभाळाचा अभ्यास करणाऱ्या. दुर्बीण घेऊन आल्या आणि तीन रात्री तानूबाईच्या खोपीशी बसल्या. ईशान्येला एकदा आभाळ उजळलं. बाई म्हणाल्या, ही शंभर कोसांवरची वीज, तिचा आवाज इथवर येत नाही. एक रेघ ओढून गेली, ती उल्का. एक सावकाश गेला, तो विमानाचा दिवा. आणि जागचा न हलणारा? "बहुतेक निकामी झालेला उपग्रह," बाई म्हणाल्या. "पृथ्वी फिरते तसाच तिच्याबरोबर फिरतो, म्हणून जागचा हललेला दिसत नाही. आता तो गटांगळ्या खातोय. त्याच्या आरशासारख्या अंगावर ऊन पडलं, की इकडं चमक दिसते. आजी, तो हलत नाही हे तुम्ही हेरलंत, म्हणून मला कळलं!"

तिसऱ्या रात्री आणखी एक उजेड झाला. निळसर, रुंद, क्षणभर. बाईंनी वहीत लिहिलं, विचार केला, आणि म्हणाल्या, "हा काय होता, मला ठाऊक नाही."

तानूबाई म्हणाली, "मलाबी न्हाई."

आणि दोघी खळखळून हसल्या! मंडळी, एवढी शिकलेली बाई आणि ही अंगठाबहाद्दर म्हातारी — दोघींना 'ठाऊक नाही' म्हणताना लाज वाटली नाही. आणि मी? मला ठाऊक नव्हतं, तरी हात वर करून सांगितलं होतं! टाळ्यांसाठी!

या सगळ्यात सप्ताह चार दिवस लांबला होता; त्याच्या शेवटच्या दिवशी गावानं माझ्यासाठी हार आणला. मी म्हणालो, थांबा. तानूबाईला समोर बसवलं. हजार माणसांदेखत तिचे पाय धरले. म्हणालो, "आई, मी खोटं बोललो." आणि तो हार तिच्या गळ्यात घातला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "फुलं माझी मेंढरं खातील बगा, बुवा!"

आज पस्तीस वर्षं मी कीर्तन करतो. दोन सोन्याची कडी मिळाली, शाली मोजल्या नाहीत. पण छाती कशानं फुगते सांगू? एका धनगर म्हातारीनं भर मंडपात माझी चूक काढली, आणि मी तिच्यामागं तो माळ चढलो, यानं! असली माणसं ज्या मातीत पिकतात, त्या मातीचा मी आहे, याचा मला अभिमान आहे!

आता तुमच्याकडं वळतो. असे खाली नका बघू! हातातल्या मोबाइलवर रोज काहीतरी चमकतं. अमक्यानं हे केलं, तमक्या वस्तीत ते घडलं. तुम्ही स्वतः पाहिलं का? किती वेळ? की नुसत्या बोटानं पुढं ढकललं? मंडळी, तो दगडच असतो. कुणाच्यातरी कपाळावर जाऊन लागतो.

तुमच्या गावाच्या कडेलाही कुणीतरी एकटं राहतं. त्याच्याबद्दल तुम्ही काहीबाही ऐकलंय, आणि खरं म्हणून पुढं सांगितलंय. नका मान हलवू, मीही सांगितलं होतं! आज इथून उठाल, तेव्हा प्रसाद घ्या, चपला शोधा. आणि उद्या दिवस उगवला की त्याच्या दाराशी जा. सांगायला नाही. विचारायला.