भलत्या महिन्यातली पावरी

नाही, ती टेप मिळणार नाही — आणि पाया वगैरे पडू नकोस, मला चालत नाही असलं. काय नाव म्हणालीस? संध्या. काळूची नात. ओझरला कारखान्यात नोकरी, तिथून बस, मग रिक्षा, आणि पंचवटीत माझ्या दारात — कशासाठी, तर तीन मिनिटांच्या टेपसाठी. आजोबा गेले महिन्यापूर्वी, बरं, वाईट झालं. पण म्हणून मी काय करू? पंचेचाळीस सिनेमांचं पार्श्वसंगीत केलंय मी, पंचेचाळीस — हिरो पळतो, बाई रडते, मागे जे वाजतं ना, ते मी — आणि लोक येतात ते त्या एका धूनसाठी. ती माझी आहे. सकाळी गंगेवर, इथल्या गोदावरीच्या घाटावर बसलो होतो, सुचली. रेडिओवर सांगितलंय मी हे.

अशी बघू नकोस. बरं, ऐकली होती त्याच्याकडून, मग? ऐकणं म्हणजे चोरी का? सुरगाण्याच्याही पुढं, तुमच्या पाड्यावर, मी स्वतः गेलो होतो — रेकॉर्डिंगचं ते धूड जीपमध्ये घालून. काळू तयारच नव्हता. फुंकून वाजवायची भोपळ्याची ती पावरी छपराला टांगलेली, आणि हा म्हणतो, साहेब, देवाच्या कार्याला वाजवतो, मार्गशीर्षात, आता वैशाखात तिला हात लावायचा नाय. मी म्हटलं, देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय? चार दिवसांत संगीत द्यायचं होतं मला, प्रोड्यूसर डोक्यावर बसलेला. मीच काढली ती खाली. मीच दिली त्याच्या हातात. वाजवली त्यानं, डोळे मिटून. तसं मी आयुष्यात परत ऐकलं नाही.

मग बैल मेला, अवेळी वाजवली म्हणून पाड्यानं काळूला बोल लावला, आणि त्यानं पावरी पुन्हा तोंडाला लावली नाही — हे तू मला सांगतेस? मला माहीत आहे. तुझा बाप, हिरामण, तेव्हाच येऊन सांगून गेला होता, इथंच, तू उभी आहेस तिथं. त्यालाही मी बस म्हटलं नाही. आणि तू आजोबांना वाजवताना कधी ऐकलंच नाहीस, एकदा ऐकायचंय — कळतंय मला, बहिरा नाही झालो अजून.

पण टेपवर ते नाही. म्हणजे टेप आहे, ती बघ, कपाटात, वरच्या खणात — पण आम्ही टेपा पुसून पुन्हा वापरायचो, सगळेच वापरायचे, नव्या मिळायची मारामार असायची. नाही, खोटं. नवी होती घरात, दोन होत्या. रेडिओच्या मुलाखतीचा घरी सराव केला मी, गंगेवर धून कशी सुचली त्याचा, आणि मुद्दाम त्याच टेपवर केला. उद्या कुणी त्याची पावरी आणि माझी धून शेजारी शेजारी लावून ऐकायला नको. काळूच्या जागी माझा आवाज आहे आता. फक्त माझं बोलणं जरा आधी संपलं, म्हणून शेवटचं तेवढं राहिलं. पावरी नाही. तो खोकतो, आणि विचारतो, "झालं का साहेब? आता टांगू?"

काय? तेवढंच द्या म्हणतेस?

नाही. तेवढं मला लागतं. रोज लागतं. जा तू, आणि जाताना दार ओढून घे.