मोरूमास्तरांचं पाच तोंडांचं यंत्र

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्ही मात्र सूर सोडू नका, बारीक धरून ठेवा. आज एक प्रश्न विचारणार आहे. उत्तर लगेच देऊ नका — लगेच दिलेलं उत्तर बहुधा खोटं असतं!

प्रश्न असा. शेजाऱ्याचं बरं झालं, तर आपल्या पोटात का दुखतं? आपलं जेवण पचलेलं असतं, झोप झालेली असते, मुलंबाळं सुखरूप असतात. आणि तरी पलीकडच्या अंगणात नवं काही आलं, की इथे काळजात कुसळ! अहो, षड्रिपूंतले बाकीचे शत्रू निदान काही देतात तरी. रागावलं की घटकाभर मोकळं वाटतं. लोभ्याला लाडू मिळतो. मत्सराला काय मिळतं? काहीच नाही! जळतो फुकट, आणि त्या जाळावर चहासुद्धा उकळत नाही!

हसू नका. ऐका.

आपल्या कोकणातलंच गाव. नाव सांगत नाही — सांगितलं तर इथलेच दोघं-तिघं उठून जातील! तिथे राहायचे मोरेश्वर आठल्ये. शाळेत पी.टी.चे मास्तर होते, आता निवृत्त. सगळा गाव त्यांना मोरूमास्तर म्हणायचा. अंगाने कसे? दाराची चौकट भरून जाईल असे! पावसाळा सरला की मास्तर स्वतः कोयता घेऊन घरामागच्या परड्यात उतरायचे आणि कमरेएवढं गवत भुईसपाट करायचे. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘मास्तर, परडं ठेवावं तर तुम्ही!’ मास्तरांच्या मिशीला तेवढंच तूप लागायचं. हल्ली गुडघा बोलायचा, पाठ बोलायची, पण मास्तर दोघांनाही ‘सावधान!’ म्हणून गप्प करायचे.

आणि शेजारी कोण? शरच्चंद्र किंजवडेकर. वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात जन्म गेलेला माणूस. इतका किडकिडीत, की पंखा लावला तर लोकांनी धरून ठेवावा! त्यांचं अंगण वरच्या टप्प्यावर, मास्तरांचं खाली. मध्ये छातीएवढा दगडी बांध, आणि बांधाच्या वर, शरदरावांच्या हद्दीत, कोयनेलचं लांबलचक हिरवं कुंपण. चित्र आलं ना डोळ्यांपुढे? ते घट्ट धरून ठेवा.

त्या वर्षी काय झालं? एके सकाळी मास्तर चहाचा कप तोंडाला लावतात, तर वरून आवाज — ‘घूंऽऽ!’ मास्तर टाचा उंचावून बघतात तो काय! शरदरावांच्या खांद्याला पट्टा, पट्ट्याला लांब दांडा, आणि समोर गवत असं आडवं होतंय, जणू नमस्कारच घालतंय! गवत संपलं. मग शरदरावांनी दांड्याचं पुढचं टोक काढलं, दातेरी पात्याचं दुसरं बसवलं, आणि तेच यंत्र कुंपणावर धरलं. कोयनेल अशी सरळ कापली, अशी सरळ, की वर भरलेली वाटी ठेवली तर सांडू नये!

मास्तरांचा चहा कडू झाला हो. साखर तीच, दूध तेच!

“इंदू, बघितलंस? शरदरावाने यंत्र आणलंय!”

इंदुताई, मास्तरांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “माहितीय. वरच्या वत्सलावहिनींनी सांगितलं मला. अहो, त्यांच्या डोळ्यांना —”

“कितीचं असेल?”

“मी काय सांगतेय ते ऐका तरी! त्यांना हल्ली —”

“आणि लोक बघ कसे जमलेत! माझ्या कोयत्याला कधी एवढे जमले होते?”

इंदुताई पुन्हा तांदळाकडे वळल्या. मंडळी, मत्सर आधी डोळे नाही नेत. आधी कान नेतो!

त्या दिवसापासून मास्तरांचा दिनक्रम काय? कुंपणाच्या फटीतून बघणं! कोण आलं, कोण वाहवा म्हणालं. पोस्टमन वर दोन वाक्यं जास्त बोलला, तर मास्तरांचं जेवण गेलं. एकदा यंत्र मध्येच बंद पडलं, आणि मास्तरांना असा आनंद झाला, असा आनंद — मुलीच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता! पुन्हा ‘घूंऽऽ’ झालं, आणि चेहरा पडला. शेवटी एक दिवस टोपी घातली आणि तालुक्याला पाध्यांच्या दुकानात हजर.

पाध्ये म्हणजे जुने दुकानदार. म्हणाले, “या मास्तर. एकच इंजिन, आणि पुढे लागेल ती अटॅचमेंट लावायची — ही चांगली सोय आहे. पण आधी काम सांगा, मग यंत्र ठरवू. अंगण केवढं?”

“त्याचं अठरा गुंठे.”

“तुमचं विचारतोय.”

“माझं... असेल दहा-बारा.”

“बरं. कुंपण?”

“कोयनेलचं. सरळ कापतो लेकाचा!”

“आणि तुमचं?”

“मला दगडी गडगा आहे.”

“मग कुंपण कापायचं पातं कशाला?”

“त्याच्याकडे आहे ना!”

आता हसा! हसा, पण आठवा — आपलाही फ्रीज असाच आलाय, आपला सोफासेटही असाच आलाय!

पाध्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, “मास्तर, तुमच्या वयाला बॅटरीचं हलकं बरं. हे पेट्रोलचं जड आहे. तासभर खांद्यावर वागवावं लागतं, उतारावर तोल जातो. शरदरावांनी हलकंच नेलं, आणि टोकं दोनच. ते म्हणाले, कुंपण सरळ राहिलं पाहिजे, कारण घरात —”

“दोनच टोकं ना? मला पाच द्या! आणि इंजिन सगळ्यात मोठं!”

झालं! गवताचं पातं, कुंपणाचं पातं, उंच फांद्या तोडायची करवत, माती उकरायचं, आणि पाचोळा उडवायचं. पाच तोंडं! पाच तोंडांचा देव बघून हात जोडतो आपण. मास्तरांनी पाच तोंडांचा शत्रू पदर पसरून घरी आणला!

पहिलं कुठलं तोंड लावलं असेल? पाचोळा उडवायचं! का? तर त्याचा आवाज सगळ्यात मोठा! पाचोळा उडाला आणि नेमका वर शरदरावांच्या अंगणात पडला. शरदराव खराटा घेऊन झाडू लागले. त्यांनी भांडायला हवं होतं हो! न भांडणारा शेजारी मत्सर करणाऱ्याला फार जड जातो. मग कुंपणाचं पातं लावलं. कापायला कुंपण कुठे होतं? इंदुताईंनी माहेराहून आणलेला अनंत होता, कळ्यांनी लगडलेला. मास्तरांनी त्याला गोल केलं. गोल! एक कळी शिल्लक नाही! इंदुताईंनी खाली पडलेल्या कळ्या ओच्यात गोळा केल्या आणि न बोलता आत गेल्या.

इथेच थांबले असते तर आख्यान गमतीचं झालं असतं. पेटीवाले, सूर थोडा खाली घ्या.

एक दिवस शरदराव तालुक्याला गेले होते. मास्तर खाली आपल्या परड्यात उभे, खांद्याला पट्टा, यंत्र तापलेलं. वर बघतात तर ते कुंपण. हिरवं, सरळ, शांत. कोयनेलच्या दोन-चार फांद्या बांधावरून मास्तरांच्या बाजूला झुकल्या होत्या. मनात आवाज उठला — ‘माझ्या हद्दीत आलंय!’ मंडळी, मत्सर कधी मत्सराच्या कपड्यात येत नाही. तो कायद्याचा कोट घालून येतो!

मास्तरांनी लांब दांडा वर नेला. आधी झुकलेल्या फांद्या गेल्या. मग थोडं आत. मग आणखी थोडं. हात थांबेना! त्या सरळ रेघेला खिंडार पाडलं मास्तरांनी — चांगलं बैलगाडी जाईल एवढं, पार मुळापर्यंत! आणि सांगतो, त्या घटकेला त्यांना गार वाटलं. इतके दिवस खुपत होतं ते जणू उपटून निघालं.

तेवढ्यात वरच्या वाटेने वत्सलावहिनी आल्या. शरदरावांच्या पत्नी. हातात फुलांची परडी. चालत होत्या हळूहळू, मान सरळ, नजर समोर, आणि उजवा हात कुंपणावरून सरकत होता. पानांवरून बोटं अशी, अशी फिरत होती, जशी आंधळी... 

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इंदू काय सांगत होती! पाध्ये काय सांगत होते! बाईला दिसत नाही. हे कुंपण म्हणजे बाईची काठी आहे!

“वहिनी! थांबा! पुढे येऊ नका!”

पण यंत्र गरजत होतं. सगळ्यात मोठं इंजिन ना! आवाज पोचला नाही. मास्तर धावायला गेले, तर पट्टा सुटेना. वहिनींची बोटं शेवटच्या पानावर आली. पुढे काही नव्हतं. हात हवेत चाचपला... आधार शोधायला माणूस त्याच बाजूला झुकतो, मंडळी. त्या झुकल्या, आणि बांधावरून खाली आल्या. मास्तरांच्या पायांपाशी.

फुलं सगळीकडे.

देवाची कृपा, डोकं वाचलं. मनगट मोडलं. मास्तरांनी यंत्र कसंबसं भिरकावलं, वहिनींना उचललं, इंदुताईंना हाक मारली, रिक्षा आणली. दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत शरदराव धावत आले. हातात पिशवी, पिशवीत बायकोच्या डोळ्यांत घालायचे थेंब.

मास्तर उभे राहिले. शाळेत पोरांना ज्या आवाजाने हलवायचे, तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. म्हणाले, “शरदराव, कुंपण मी कापलं. हद्दीचं कारण खोटं आहे. लोक तुमचं अंगण बघायला यायचे, ते मला बघवत नव्हतं.”

शरदरावांनी हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग एवढंच म्हणाले, “मला नका सांगू. पडलीय ती. तिला सांगा.”

मास्तर आत गेले. खाटेजवळ उभं राहून सगळं सांगितलं. वहिनींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

“मास्तर,” म्हणाल्या, “माझे डोळे काचबिंदूने नेले. तुमचे कशाने गेले?”

विठ्ठल, विठ्ठल!

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर वरच्या अंगणात. त्यांनी बांबू रोवले, खिंडारात काथ्याचा दोर ताणला, एकेक गाठ ओढून बघितली. डोळे मिटले, दोरावर हात ठेवला, आणि त्या वाटेने स्वतः चालून पाहिलं. दोनदा ठेचकाळले. दगड काढून टाकले, पुन्हा चालले. मग पावसाळ्यात कोयनेलच्या नव्या काड्या लावल्या, पाऊस सरल्यावर पाणी घातलं. यंत्राचं गवताचं पातं ठेवलं, बाकीची तोंडं शाळेच्या बागेला देऊन टाकली. इंदुताई बोलू लागल्या का? लागल्या, पण सावकाश! वहिनींचं मनगट जुळलं, थोडं वाकडं. आणि माफ केलं का? ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. चालताना मात्र दोर धरू लागल्या.

आणि मास्तरांचा मत्सर गेला का हो? तुम्हाला वाटेल, बुवा म्हणतील — गेला! छे! पुढच्या वर्षी शरदरावांच्या दारी जास्वंद फुलली, तेव्हा मास्तरांच्या काळजात पुन्हा टोचलंच. फरक एवढाच, की ते फटीतून बघत राहिले नाहीत. पायऱ्या चढून वर गेले आणि म्हणाले, “शरदराव, एक फांदी द्याल?”

आता तुमच्याकडे वळतो. दचकू नका! शेजारी बसलाय त्याच्याकडे एकदा बघा. बघा, लाजू नका. त्याच्याकडे काय काय आहे, विचारलं तर घडाघडा सांगाल. गाडी कुठली, मुलगा कुठे, बायकोच्या गळ्यात काय. तोंडपाठ! पण त्याच्याकडे काय नाही, ते ठाऊक आहे? कशाच्या आधाराने तो चालतोय, ते कधी विचारलंत?

मग आज प्रसाद घेऊन एकटे जाऊ नका. त्याच्याबरोबर चार पावलं चाला, आणि विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.

चला, घ्या टाळ हातात. माझं तोंड बंद झालं, आता तुमचं उघडू द्या — नारायण, नारायण!