दिवस आहे तोवर

धवल : ...तसं नाही काकी, तुम्हाला कॅमेऱ्यासमोर यायचंच नाहीये. इथं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं आणि हाक मारायची. पिक्चरमध्ये नुसता आवाज येणार.

चंदनबाला : मग त्या पुण्याच्या बाईंना कशाला आणलंस? सकाळधरनं गरम पाणी पीत बसल्यात.

सुकुमार : काल ऐकली की त्यांची हाक. पोरीला जेवायला बोलवत हुत्या का मतं मागत हुत्या, कळंना.

धवल : अण्णा, हळू. बाई सोप्यातच आहेत.

सुकुमार : असू द्या. घर दिलं, ऊस दिला, आता बायकू बी मागाय लागलास. आन रोज ह्याच येळंला. आमाला दिवस मावळायच्या आत जेवाय लागतंय, ठावं न्हाई तुला? तू बी कुपवाडच्या जैनाचाच पोरगा न्हवं? मोठा डायरेक्टर झालास म्हणून इसरलास?

धवल : विसरलो नाही, म्हणून तर ही वेळ. माझा सगळा पिक्चर ह्याच वेळेचा आहे, अण्णा. पोरगी उसाच्या बांधावर खेळत बसलीय, ऊन उतरलंय, आणि घरातनं आई तिला जेवायला बोलावते. मला आई अशीच बोलवायची, गच्चीवर येऊन. आसपास सगळे कारखाने. त्या मशिनींवरनं तिचा आवाज यायचा. आता तो आवाज आठवायला गेलो, की नुसत्या मशिनी ऐकू येतात.

चंदनबाला : कवा गेली रं?

धवल : कोरोनात. शेवटचं बोलणंही झालं नाही.

चंदनबाला : ...काय म्हणायचं ते सांग.

धवल : पिक्चरमध्ये पोरीचं नाव राणी आहे. ‘राणी, ये गं जेवायला,’ एवढंच. ती बघा तिकडं पाठमोरी बसलीय. तिसऱ्या हाकेला वळायचं, असं तिला सांगून ठेवलंय.

चंदनबाला : राणी... ये गं जेवायला.

धवल : जरा मोठ्यानं.

चंदनबाला : राणी, ये गं.

सुकुमार : शेजाऱ्याची म्हस हाकलल्यागत झालं.

चंदनबाला : तुमी गप बसा जरा. न्हाई रं धवल, राणी म्हणून मी कवा कुणाला हाकच मारली न्हाई. नरड्यातनं निघंना.

धवल : मग निघेल ते नाव घ्या. पिक्चरमध्ये अजून कुणीच तिला नावानं हाक मारलेली नाही. नाव बदललं तरी चालतंय. तुम्ही तुमच्या मुलीला काय म्हणून हाक मारायचा?

(चंदनबाला पदराला हात पुसत चुलीकडं वळते.)

धवल : माझं काही चुकलं का?

सुकुमार : तुझं काय चुकतंय. तिनं दीक्षा घेतली. आर्यिका झाली. आता त्या माताजी हायत. नाव बी नवं मिळालंय. घरातल्या नावानं हाक मारायची नसती आता.

धवल : इतके दिवस ह्या घरात वावरतोय, कुणी बोललं नाही.

चंदनबाला : काय बोलायचं? चांगलंच झालं तिचं. गेल्या चातुर्मासात शिराळ्याच्या बाजूला हुत्या, तवा आमी दर्शनाला गेलो. बायकांच्या रांगेत हुबी राहिले. माझी पाळी आली तसं हात जोडून ‘वंदामि माताजी’ म्हटलं. त्यांनी आशीर्वाद दिला आन इचारलं, स्वाध्याय चालू हाय न्हवं? माझ्या मागच्या बाईला बी तेच इचारलं. लय वाळल्यात. नाव पार ओठावर आलं हुतं, तोंडात पदर धरला.

धवल : राहू दे काकी. त्या बाईंनाच सांगतो मी.

चंदनबाला : मी त्या नावानं हाक मारू का नगं, ते ह्यास्नी इचार.

सुकुमार : मला कशाला?

चंदनबाला : दीक्षा झाल्यावर घरी आलो तवा तुमीच म्हणला हुता, आता ते नाव ह्या घरात नगं.

सुकुमार : म्हणलो हुतो. तू कोपऱ्याकोपऱ्यातनं नाव घेत हिंडायचीस. मला ऐकवत नव्हतं.

धवल : अण्णा, मी दुसरा काहीतरी मार्ग काढतो.

सुकुमार : थांब रं. ती बांधावरची पोरगी कुणाची?

धवल : कडेगावची आहे. तिथल्या शाळेतनं निवडली.

सुकुमार : आन पिक्चरमधी तिचं नाव काय ठेवायचं, ते तुझ्या हातात?

धवल : मी ठेवीन ते.

सुकुमार : मग सुंदरी ठेव. हाक त्या पोरीला मारायची. माताजींचा त्यात काय संबंध न्हाई.

चंदनबाला : आवं, खरंच मारू?

सुकुमार : ऊन चाललंय बघ. ह्याचा क्यामेरा खोळंबलाय.

धवल : सगळ्यांनी गप्प राहा. आवाज चालू? हं, काकी. तुमच्या मनानं.

चंदनबाला : सुंदरे... ये सुंदरे... किती येळ गं बाई? दिवस चालला बघ. वाढलंय, ये.

धवल : कट. काकी... ती पहिल्याच हाकेला उठली. तिसरीला वळ म्हणून सांगितलं होतं, ती पळतच निघाली घराकडं.

चंदनबाला : आमची कवा पहिल्या हाकेला आली न्हाई. हाका मारून मारून घसा बसायचा.

सुकुमार : मग मी मारायचो. तवा यायची.

धवल : परत घ्यावं लागेल. आता तिला बजावून सांगतो. पण उजेड थोडाच राहिलाय. जमेल का, काकी?

चंदनबाला : जमंल की. पर आवं, तुमचं जेवण? माझा तर उपास हाय. ताट कवाचं वाढून ठेवलंय. दिवस बोटभर राहिलाय, आधी दोन घास खाऊन घ्या.

सुकुमार : माझं राहू दे. सकाळी जेवतो. तू हाक मार.