थॉर्नली हॅचला क्रमांक चालत नाहीत

—नाही, मिसेस कीटली, हे थॉर्नली हॅच गाव प्राचीन वगैरे मुळीच नाही. दलालाने तसे सांगितले असेल. त्याला माझे घर विकायचे आहे. बसा, या अवस्थेत उभ्या राहू नका. ती खुर्ची नको, ती ऑड्रीची—माझ्या पत्नीची. इकडे बसा. तर इथे होते काय? माळरान, काटेरी झुडपे आणि चार मेंढ्या. लंडनहून आगगाडी आली, तिच्यामागून शेअरदलाल आले, आणि पेटिफर नावाच्या बांधकामवाल्याने त्यांना एक गाव बांधून दिले—जुने गाव, नवे कोरे! भिंतींवरच्या त्या काळ्या तुळया पाहिल्यात? त्यांच्यावर कसलाही भार नाही. नुसत्या चिकटवल्या आहेत. ‘ओल्ड फोर्ज’, म्हणजे जुनी लोहारशाळा, म्हणवणाऱ्या पबात आजवर घोड्याचा एक नाल घडलेला नाही. हे सारे मी वाचनालयात बसून, स्वतः वाचून काढले. विद्यापीठाचे तोंड मी पाहिलेले नाही. इथे ज्यांनी पाहिले ते गोल्फपलीकडे काही वाचत नाहीत.

हसलात. हसा. परंतु या मंडळींना धास्ती एकच—कोणी आपल्याला उपनगर म्हणेल! म्हणून रस्त्यावर दिवे नकोत. दिवे उपनगरात असतात. घरांना क्रमांक नकोत, तेही उपनगरातच. घराला नाव हवे! या एका गल्लीत ‘द हॉलीज’ आहे, ‘हॉलीज’ आहे, आणि ‘ओल्ड हॉलीज’—ते सर्वांत नवे! टपालवाल्याचे सवयीने चालते. रुग्णवाहिकेच्या चालकाने काय करावे?... डिसेंबर होता. चहाची वेळ, तरी बाहेर मिट्ट काळोख. ऑड्री इथे, या गालिच्यावर... मी फोनवर ओरडतो आहे, ‘द हॉलीज’, ‘द’—आणि त्यांचा निळा दिवा मला या खिडकीतून दिसतो आहे. कुंपणापलीकडून जातो, वळतो, पुन्हा जातो. तिचा हात सोडून फाटकापर्यंत जावे तरी कसे?... नको, पाणी नको. हे मी सांगणार नव्हतो.

पुढच्याच आठवड्यात मी फाटकावर क्रमांक ठोकला. चौदा—गल्लीच्या तोंडापासून मोजले तर हे चौदावे घर. पांढरा, हातभर उंच. लगेच ग्रामसमितीच्या तिघी बाया लिंबाचा केक घेऊन हजर—“लेनर्ड, तुमचे दुःख कळते हो आम्हाला, पण इतका मोठा? आणि पांढरा?” केक मी त्यांच्यादेखत पाखरांना घातला.

मुलगा म्हणतो, बाबा, घर विका आणि आमच्याकडे लीड्सला या. विकतो की! जिना आता मला झेपत नाही. तुम्ही गुलाब उपटा, भिंती पाडा, किंमत पाडून मागा—माझी हरकत नाही. फक्त तो क्रमांक तेवढा—

काय? फाटकाशी भेटल्या? समितीच्या बाई? आणि तुम्ही त्यांना शब्दही देऊन बसलात—ताबा मिळताच काढून टाकू म्हणून? शेजाऱ्यांशी सुरुवातीलाच वाकडे नको, असे?

आणि तुमच्या त्या बाळाला एखाद्या संध्याकाळी ताप भरला म्हणजे?... नाही, उत्तर देऊ नका.

तुमचा कोट दाराशी आहे, मिसेस कीटली. दलालाला म्हणावे, दुसरे कोणी असेल तर पाठव.