नाडीवरचं फडकं

आमचं मूळ गाव मूलकडचं, धानाचं, आन आमची वस्ती गावाच्या खालच्या आंगाले, नाल्याच्या पल्याड. लोक इचारते का तुमी इथी अहेरीकडे कसे आले, तं लाकडापायी आलो. जंगलखात्याच्या आगारात मी मापारी हाओ, म्हणजे ट्रकातून सागाचं लाकूड उतरलं का त्याले टेप लावाची, गोलाई आन लांबी सांगाची, मंग ठप्पा माराचा. दुसऱ्यानं मोजलेलं मले पटत नाई, मी पुन्हा मोजतो, साहेब चिडते, म्हणते का रे बाबा, बायकोनं भाजीत मीठ टाकलं तरी तू पुन्हा चाखून पाह्यतो का. मी म्हणतो हो, पाह्यतो. सभावच तसा. तो मले माह्या बापाकडून आला, ते आधी सांगतो, त्याच्याबिगर पुढचं तुमाले समजणार नाई.

बाप लाहान होता तवा त्याले ताप आला आन आजानं त्याले खांद्यावर टाकून वैदाकडे नेलं. वैद वर ओट्यावर, हे दोघं खाली आंगणात. वैदानं आजाले सांगितलं का पोराच्या मनगटावर फडकं टाक, मंग त्या फडक्यावरून त्यानं नाडी पाह्यली, फडकं काडीनं उचलून लांब फेकाले लावलं, आन औषधाची पुडी आजाच्या ओंजळीत वरून सोडली. म्हणे पित्त हाये. बाप आमाले हसत सांगे, त्यानं माही नाडी कुठी पाह्यली, फडक्याचीच पाह्यली, पित्त बी फडक्यालेच झालं असन. हसे, पण विसरला नाई. छप्पन साली बाप चांद्याले गेला, धम्म घेऊन आला, घरातले देव नाल्यात सोडले, आन आमा भावंडाइले एक नियम घालून देला का जो आंगाले हात लावणार नाई त्याच्या हातचं औषध घ्याचं नाई. जमीन नाई ठेवली बापानं आमच्यासाठी, हे ठेवलं.

तं काय सांगू भाऊ तुमाले, गडचिरोली जिल्हा नवाच झाला होता आन त्या उन्हाळ्यात इकडे मेंदूज्वराची साथ आली. लेकराले ताप येये, मान ताठ होये, उजेड पाहवत नसे, आन पाह्यता पाह्यता लेकरू हातचं जाये. माही पोरगी सुजाता तवा शाळेत बी जात नव्हती. सकाळी म्हणे बाबा मान दुखते, दुपारी मान वाकेना, मंग आगाराच्याच ट्रकात टाकून तिले दवाखान्यात नेलं, मी आन माही बायको शेवंता.

दवाखान्यात पाय ठेवला तं सगळ्याइचे तोंडं बांधलेले. मळणीले बैल धरला का त्यानं धान खाऊ नये म्हणून आपण मुसकं बांधतो, तसं. मले वाटलं, हे काऊन बांधून राह्यले, याइले काय बोलाचं नाई. ज्याचं तोंड दिसत नाई त्याचा मले भरोसा येत नाई. कंपाउंडर खिडकीतून गोळ्या देऊन राह्यला होता, त्यानं माह्या ओंजळीत वरून सोडल्या, आन माह्या मागं एक सावकार होता, त्याच्या तळहातावर नीट ठेवल्या. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, हे लिहून घ्या. त्या सावकाराची माय आमच्या बाजूच्याच खाटेवर होती, डॉक्टर तिच्यापाशी बसला, तरणा पोरगा होता, पुण्याकडचा, उघड्या हातानं तिचं मनगट धरलं आन म्हणे, काय आजी, आज बरं वाटतंय ना.

मंग आमच्याकडे आला. येताना कोपरापर्यंत हात धुतले, सिस्टरनं रबराचे मोजे पुढं केले, ते चढवले, आन म्हणे, हिला कुशीवर घ्या, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरा, हलू देऊ नका. तो पांढरा रबराचा हात माह्या पोरीच्या पाठीकडे आला आन मले बापाचं फडकं दिसलं. मी मधात उभा राह्यलो. म्हटलं, डॉक्टरसाहेब, तिकडे उघडा हात आन आमच्याकडे मोजे, काऊन.

तो म्हणे, अहो, त्यांची फक्त नाडी पाहिली, हिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचंय. मेंदूज्वर आहे की मलेरिया डोक्यात गेलाय ते त्या पाण्यावरून कळेल, इंजेक्शन त्यावरून ठरेल. माझ्या हातावरची घाण सुईबरोबर आत जाऊ नये म्हणून मोजे. मी म्हटलं, तुमच्या हाताची घाण का आमच्या आंगाची, खरं सांगा. तो मोजे चढवलेले हात वर धरून उभा. मी म्हटलं, आधी उघडा हात लावा, मंग काय कराचं ते करा, नाई तं मी पोरगी उचलतो. शेवंता मागून माहा सदरा ओढून राह्यली होती. म्हणे, अवो, सोडा ना आता, तुमचा बाप मेला, पोरगी जित्ती हाये.

डॉक्टरनं मोजे काढले, ट्रेत टाकले. उघडा हात सुजाताच्या मानेवर ठेवला, पाठीवर फिरवला, तोंडावरचं फडकं खाली ओढून म्हणे, झालं समाधान. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात सिस्टर बोलली, दक्षिणेकडची होती, तिची बोली हिंदी-मराठी सारी एक. अरे बाबा, ये क्या किया, एकच जोडी अच्छी बची थी, आता पुन्हा उकळाले लागते. आन डॉक्टरले बी सोडलं नाई तिनं, म्हणे, डॉक्टर, आप भी.

मी तिच्यामागं वऱ्हांड्यात गेलो, खरं बोलते का खोटं ते पाह्याले. तिथी दोरीवर मोजे वाळून राह्यले होते. धुवाचे, उकळाचे, पावडर लावाची, पुन्हा वापराचे, असं चाले. तिनं माह्यासमोर एकएक काढला, फुगवला, गालाशी धरला, हवा लागली का म्हणे, देखो, छेद. याले बी छेद. त्याले बी छेद. मंग ट्रेतली ती जोडी स्टोव्हवरच्या डब्यात सोडली. पाणी उकळून मोजे काढेपर्यंत किती वेळ गेला ते मी नाई मोजलं. अख्खी जिंदगी मोजण्यात गेली माही, तेवढं मोजाची छाती झाली नाई. आत सुजाता हातपाय झटकून राह्यली होती. शेवंता दरवाजापर्यंत आली, माह्याकडे पाह्यलं आन आत गेली.

मंग झालं. मी सोता पोरीले धरलं. पाणी पेजेसारखं गढूळ निघालं, डॉक्टरनं काचेची नळी खिडकीकडे धरली आन म्हणे, मेंदूज्वरच. इंजेक्शनं सुरू झाले. सुजाता वाचली, पण डावा कान गेला. मी त्याले इचारलं, तो डबा उकळेपर्यंत गेला का. तो म्हणे, रोगानंही जातो, उशिरानंही जातो, मी खात्रीनं सांगू शकत नाही. आता हे त्यानं खरं सांगितलं का माह्यावर दया केली, ते मले आज बी समजलं नाई.

आन एक सांगतो. त्या दिवशी पोरीले उघडा हात लावल्यावर त्यानं साबणानं हात धुतले आन माह्या मनातला किडा पुन्हा वळवळला. सिस्टर म्हणे, सबके बाद धोते हैं. मंग मी जितके दिवस होतो तितके दिवस नजर ठेवली. सावकाराच्या मायच्या नंतर बी धुतले. बेस. पण कंपाउंडर गोळी वरूनच सोडे. तवा शेवंतानं एक दिवस ओंजळ धरलीच नाई, खिडकीतून हात कोपरापर्यंत आत घातला आन म्हणे, ठेव भाऊ. त्यानं इकडेतिकडे पाह्यलं, ठेवली. मंग रोज ठेवे. मी एवढं भांडलो आन तिनं नुसता हात लांब केला.

घरी निघालो तवा डॉक्टरनं सोता हात पुढं केला. धरला मी. साबणानं आन औषधानं साल निघालेली, भेगा पडलेल्या, लाकडं फोडणाऱ्या मजुरासारखा हात. पुढं त्याची बदली झाली.

सुजाता आता चौथीत हाये, गुरुजीनं तिले अशी बसवली का उजवा कान फळ्याकडे राहीन. डावीकडून हाक मारली तं ऐकत नाई, मी कधी कधी विसरतो आन तिकडूनच हाक मारतो. शेवंता कधी बोलली नाई त्याच्यावरून, बोलली असती तं बरं झालं असतं. पण मले इचाराल तं मी इचारलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाई. ज्याच्या बापाची नाडी फडक्यावरून पाह्यली नाई त्यानं मले सांगू नये. त्या डॉक्टरचं भलं होवो, जिथी असन तिथी त्याले भोक नसलेले मोजे भेटो. आता नवा डॉक्टर आला हाये, त्याले बी मी इचारणार. फक्त आता मोजे चढवाच्या आधी इचारीन.